वाणात गेलेला वाघ

"बाबा, आईच्या खोलीतला वाघ कुठी गेला?"

गोवर्धनभाऊ बशीत चहा ओतत होते. त्यांनी आधी फुंकर मारली, घोट घेतला आणि मग विचारलं, "कोनता वाघ?"

"फळीवरचा. चिलीम ओढनारा."

"तो? तो तं अकोल्याले गेला. बेबीच्या पेटीत."

हे सांगताना त्यांचा चेहरा एखादं चांगलं काम उरकलेल्या माणसासारखा होता. रागिणी दारातच उभी राहिली. आई गेल्यापासून ती त्या खोलीत फारशी जात नव्हती. आज थंडी वाढली म्हणून जादा गोधडी काढायला गेली, तर फळीवर वाघाच्या आकाराची स्वच्छ जागा होती आणि तिच्या भोवती धूळ.

गोवर्धनभाऊंचं सगळं आयुष्य अमरावतीच्या फळबाजारात संत्र्याच्या पेट्या भरण्यात गेलं होतं. पेटीत जागा राहिली की माल हलतो, हलला की आदळतो आणि आदळला की सडतो, एवढं तत्त्वज्ञान त्यांना आयुष्याला पुरलं होतं. संक्रांतीआधी रागिणीने अकोल्याच्या बेबीआत्यासाठी वाण म्हणून केलेल्या चिनीमातीच्या धूपदाण्या त्यांनी स्वतःच्या हाताने तणसात बसवल्या. एका कोपऱ्यात जागा उरली. त्या जागेकडे पाहून त्यांना चैन पडेना. इकडेतिकडे बघताना फळीवरचा वाघ दिसला. माती तीच, रंग तोच, आकारही बेताचा. त्यांनी तो कोपऱ्यात बसवला. अगदी मापात बसला.

"तो विकायचा नव्हता बाबा," रागिणी म्हणाली. "आईनं केला होता."

गोवर्धनभाऊंनी बशी खाली ठेवली. "शकुननं? तिले कधी येत होतं हे?"

"येत नव्हतं. एकच केला."

शकुन आजारी पडली तेव्हा दुपारचा वेळ जाता जात नसे. रागिणीने मोबाइलवर हिंदीत बोलणाऱ्या कोरियन मालिका लावून दिल्या आणि मायलेकी त्यात पार बुडाल्या. तिथली एक म्हातारी नातवाला गोष्ट सांगायला बसली की सुरुवात करायची, 'वाघ चिलीम ओढत होते ना, तेव्हाची गोष्ट.' शकुनला हे भारी आवडलं. एकशिंगी, दात काढून हसणारी, कुस्ती खेळायला बोलावणारी तिथली डोक्केबी नावाची भुतंही तिला आवडली. "आपल्या मुंज्यावानीच आहेत," ती म्हणाली, "पन खाऊनपिऊन सुखी." रागिणीची मागच्या अंगणात छोटी विजेची भट्टी होती. तिने त्या भुतांच्या आणि वाघांच्या धूपदाण्या करायला घेतल्या. पोटात धूप पेटवायचा, धूर चिलमीतून बाहेर. एका संध्याकाळी शकुननेही मातीचा गोळा मागून घेतला. तिच्या वाघाच्या चिलमीचं भोक रागिणीला फार मोठं वाटलं. "आई, एवढं नको. धूर भसकन निघून जाईन."

"राहू दे," शकुन म्हणाली. "मोजून केलं मी."

कशाने मोजलं ते तिने सांगितलं नाही. वाघाच्या बुडाशी तिच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. तो रागिणीने पुसू दिला नाही, तसाच भाजला. दिवाळी झाली आणि शकुन गेली.

रागिणीने बेबीआत्याला फोन लावला.

"आत्या, वाणातला एक वाघ वेगळा होता. डावा कान मुडपलेला."

"हाव. जाड भिवयाचा," आत्या म्हणाली. "काहून ते माहीत नाई, पन त्याले पाहूनच मले राग आला. म्हनलं, हा पयले काढा घरातून. पयलाच उचलला अन् करिश्माले देऊन टाकला."

"तो परत पाहिजे."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग आत्याचा आवाज खाली आला. "येडी झाली का व? देल्लेलं वाण कोनी परत मांगते? सवाष्णीच्या पदरात टाकलेलं. तेही वरीस न झालेल्या घरून. बाया मले उभ्या गावात फिरू देतीन का?"

"आत्या, तो आईनं केला होता."

आत्याने पलीकडे गॅस बंद केला. शकुन तिची एकुलती एक भावजय होती. दोघी आयुष्यभर भांडल्या आणि आयुष्यभर एकमेकींना लोणच्याच्या बरण्या पाठवत राहिल्या.

"मांगता येत नाई," शेवटी ती म्हणाली. "पन कोनी आपल्या हातानं देल्लं तं घेता येते. आज रथसप्तमी आहे. आजचं शेवटचं हळदीकुंकू. उद्यापासून साऱ्या वस्तू माळ्यावर जातीन, मंग पुढच्या संक्रांतीपरेंत कोनाले सापडनार नाई. तुमी या लवकर."

एसटीत गोवर्धनभाऊ खिडकीपाशी बसले. पांढरा दुपट्टा मांडीवर घडी करून ठेवला होता. मूर्तिजापूर आल्यावर त्यांनी विचारलं.

"तिनं मले दाखवला काहून नाई?"

"संध्याकाळची करत बसे," रागिणी म्हणाली. "तुमी तेव्हा गच्चीवर टाकी पाह्यले जात."

गोवर्धनभाऊ खिडकीबाहेर पाहू लागले. नळाला पाणी आलं, मोटर लागली की टाकी कितपत भरली ते पाहायला ते रोज वर जात. टाकी पाहायला त्यांना बराच वेळ लागे. खाली येताना ते बडीशेप चघळत असत.

बेबीआत्या स्टँडवरच उभी होती. जरीची साडी, हातात पर्स, चेहऱ्यावर कोर्टात तारीख असल्यासारखा भाव. "कोनी 'परत' हा शब्द काढाचा नाई," तिने बजावलं. "भावाले पाह्याचा आहे, येवढंच सांगाचं."

करिश्मा आत्याच्याच गल्लीत राहत होती. "तुमचा वाघ ना, आत्याबाई? देवघरातच ठेवला म्या," ती हसून म्हणाली. देवघराचं दार उघडलं. वाघ नव्हता. "म्हनजे शोकेसात." शोकेसात दोन ताजमहाल होते. "मंग आतल्या कपाटात असन." ती आत गेली आणि कपाटाची दारं उगाचच जोरजोराने वाजू लागली. बाहेर आली तेव्हा हातात पाण्याचे ग्लास होते. ग्लास देताना ती गोवर्धनभाऊंकडे पाहत राहिली.

"काका, तुमी आमच्या वार्डातून इलेक्शनले उभे होते का?"

"नाई बाप्पा."

"चेहरा पाह्यल्यावानी वाटते."

रागिणीने घाईघाईने पाणी पिऊन टाकलं. आत्या सोफ्यावर पक्की बसली होती. तिने डोळे मिटले, उघडले आणि जन्मात कुणाला सांगितली नसती अशी गोष्ट सांगून टाकली.

"करिश्मा, मागच्या साली तू साबनदानी देल्ली होती. हिरवी."

"हाव."

"ती मी तिसऱ्या दिवशी पुढं देऊन टाकली."

करिश्माच्या चेहऱ्यावर आधी दुखावल्याचा आणि मग मोठा सुटकेचा भाव आला. "तुमी पन?" ती म्हणाली आणि शेजारी येऊन बसली. "मले एक वाण कमी पडलं होतं ना. अन् आमच्या सासूबाई म्हनत, तो वाघ मी तिसरी पोळी घेतली की माह्याकडेच पाह्यते. शालिकरामजीच्या बाईले देल्ला म्या."

शालिकरामजींचं घर रेल्वेलाइनच्या पलीकडे. ते अंगणात उन्हात बसून हरभऱ्याचे सोले सोलत होते. बायको आधीच हळदीकुंकवाला गेली होती. त्यांना वाणाचा कुठलाच रिवाज पाळायचा नव्हता, त्यामुळे ते सगळं सरळ सांगत होते.

"वाघ ना? होता ना. लय चांगला होता. दुपारी मी त्याच्यासंग बोलत बसो. चेहरा जरा रागीट होता, पन उलटून काई बोलत नसे. बाईनं काल नेला अन् मंजुषाबाईले देल्ला. तिचं आज हळदीकुंकू आहे, वाण कमी पडून राह्यलं होतं."

मंजुषाचं नाव ऐकताच बेबीआत्या ओट्यावर टेकली.

शालिकरामजी गोवर्धनभाऊंना न्याहाळत होते. "तुमचं गाव कोनतं?"

"अमरावती."

"पन मी तुमाले पाह्यलं आहे."

"बाजारात असन. संत्र्याच्या."

"नाई नाई. इथीच पाह्यलं. ह्याच घरात." सोला हातात तसाच धरून ते विचारात पडले.

"चला बाबा," रागिणी म्हणाली.

रस्त्यात आत्याने अडचण सांगितली. मागच्या संक्रांतीला मंजुषाने प्रत्येकीचं नाव कोरलेले स्टीलचे डबे वाटले होते. तिला खाली पाहायला लावायचं म्हणून तर आत्याने यंदा कोरियातली भुतं मागवली. "वाण पुढं साऱ्याच देतात. पन मंजुषा मरन पत्करन, कबूल करनार नाई. तिच्याकडे मांगूनही उपेग नाई, खोदूनही उपेग नाई. मी रांगेत बसतो. त्या वाघासमोर नेमका माहा नंबर आला पायजे."

मंजुषाच्या दिवाणखान्याची खिडकी अंगणात उघडत होती. दुखवट्याच्या घरची म्हणून रागिणी आत जाणार नव्हती आणि गोवर्धनभाऊ पुरुष म्हणून. दोघं पेरूच्या झाडाखाली उभे राहिले. आत बायका सतरंजीवर ओळीने बसल्या होत्या. टेबलावर प्लास्टिकच्या चहाच्या गाळण्या मांडल्या होत्या आणि पार शेवटी, गाळण्यांची राखण करत असल्यासारखा, वाघ.

"हाच का?" गोवर्धनभाऊंनी डोळे बारीक करून विचारलं. चष्मा घरी राहिला होता. पेटीत भरतानाही तो डोळ्यांवर नव्हता.

"हाच."

मंजुषा एका टोकाकडून वाटत निघाली. हळद, कुंकू, अत्तर, तिळगूळ, गाळणी. बेबीआत्याने ओळीकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, ओठ हलवून काहीतरी जुळवलं आणि गुडघा दुखण्याचं निमित्त काढून दोन जागा पुढे सरकली. तेवढ्यात एक बाई रडणाऱ्या पोराला घेऊन उठली. आत्या पुन्हा एक जागा मागे आली. शेजारीण म्हणाली, "बेबीताई, नीट बसा ना व एका जागी." खिडकीबाहेर रागिणीने पेरूची फांदी घट्ट धरली होती.

गाळण्या सरत आल्या. शेवटची गाळणी आत्याच्या शेजारणीला मिळाली. आता फक्त वाघ. मंजुषाने तो उचलला, वळली आणि समोर पदर पसरून बसलेल्या बेबीआत्याला पाहून जागच्या जागी थांबली.

त्या क्षणी रागिणीच्या लक्षात आलं की सगळी जुळवाजुळव चुकली होती. आत जाऊ शकणारी एकटी आत्या होती, आणि भर रांगेत तिचंच वाण तिलाच परत देणं मंजुषाला मेलं तरी शक्य नव्हतं.

मंजुषाने वाघ टेबलाखाली नेला. टेबलाचं कापड हललं. हात वर आला तेव्हा त्यात अडीअडचणीला स्वयंपाकघरातून आणून ठेवलेली, जरा वापरलेली गाळणी होती.

"तुमच्यासाठी खास ठेवली होती, बेबीताई."

"कायले व येवढा त्रास," आत्या म्हणाली आणि गाळणी पदरात घेतली. तिने खिडकीकडे पाहिलं नाही.

बायका उठायच्या बेतात होत्या. उद्या टेबल आवरलं जाईल, वाघ माळ्यावर जाईल, किंवा फुटेल, किंवा भांडीवालीच्या टोपलीत पडेल. रागिणीने शेजारी पाहिलं. शेजारी कुणी नव्हतं. गोवर्धनभाऊंच्या चपला मात्र दाराशी नीट जोडीने काढलेल्या होत्या.

ते दिवाणखान्यात मधोमध उभे होते. बांगड्यांचा आवाज थांबला. कुणीतरी डोक्यावर पदर घेतला.

"भाऊ," मंजुषा म्हणाली, "इथी बायाचं हळदीकुंकू आहे."

"ठाऊक आहे. मी वाण घ्यायले आलो."

आत्याने कपाळाला हात लावला.

"मी ह्या बेबीचा भाऊ," गोवर्धनभाऊ सावकाश म्हणाले. पेटीत फळ ठेवावं तसे ते एकेक शब्द ठेवत होते. "आमच्या घरची दरसाली संक्रांतीले बेबीकडे ये. तुमच्या घरीही येऊन गेली असन. शकुन. यंदा ती नाई. तिच्या वाट्याचं मले द्या."

मंजुषाचा हात हळदीच्या करंड्यावर नुसताच होता. शकुन तिला आठवत होती. मागच्या वर्षी तिने डब्यावरचं स्वतःचं नाव बोट फिरवून वाचलं होतं आणि म्हणाली होती, 'आता हा कोनाले पुढं देताही येत नाई व.' तेव्हा मंजुषाला तिचा फार राग आला होता.

"वाण तं सरलं, भाऊ," ती हळूच म्हणाली.

"टेबलाखाली एक आहे."

मंजुषाचे कान लाल झाले. पण ती वाकली. वाघ बाहेर काढला, पदराने पुसला आणि द्यायला म्हणून पुढे केला. मग तिने वाघाकडे पाहिलं. गोवर्धनभाऊंकडे पाहिलं. परत वाघाकडे पाहिलं.

"अव माय," ती म्हणाली.

शालिकरामजींची बायको उठून जवळ आली. "अव, आमचा बुढा चार दिवस ज्याच्यासंग बोलत होता तो हाच ना व!"

मग एकीला हसू फुटलं, आणि पदर तोंडाशी नेलेल्या सगळ्याच बायका हलू लागल्या. बेबीआत्या उठून उभी राहिली, नीट निरखून पाहिलं आणि स्वतःशीच पुटपुटली, "तरीच मले पाहिल्या पाहिल्या राग आला."

गोवर्धनभाऊंनी वाघ हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. जाड भुवया. वर्षानुवर्षं डोक्यावर पेट्या वाहून मुडपलेला डावा कान. भाजीत मीठ कमी असलं की जसा वळतो तसा वळलेला ओठ. त्यांनी तो फिरवून बुडाशी पाहिलं. तिथल्या ठशावर स्वतःचा अंगठा ठेवला. ठसा लहान होता.

"रागिणी," त्यांनी मान न वळवता हाक मारली. "हा मी आहो का?"

"हाव बाबा," दारातून उत्तर आलं.

"मंग तोंडात हे काय देल्लं तिनं?"

रागिणी दाराशी काढलेल्या चपलांकडे पाहू लागली. बायका उत्तराची वाट पाहत होत्या. गोवर्धनभाऊ खाकरले.

"मी ओढत नाई," त्यांनी सभेला सांगितलं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मंजुषाने क्षणभर विचार केला आणि त्यांच्या कपाळाला कुंकवाचं बोट लावलं. गुलाबपाणी शिंपडलं. आता ओटी कशात घालायची म्हणून ती थांबली, तेव्हा गोवर्धनभाऊंनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि दोन्ही हातांनी पदरासारखा पसरला. तिने त्यात तिळगूळ, बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे टाकले आणि वर वाघ ठेवला. गोवर्धनभाऊंनी दुपट्ट्याकडे पाहिलं. एका बाजूला जागा राहत होती. त्यांनी बोरं तिकडे सरकवली, म्हणजे वाघ हलणार नाही.

"मले गाळणी अन् भावाले वाघ," बाहेर आल्यावर आत्या म्हणाली. तिने डोळे पुसले ते मात्र गाळणी पर्समध्ये टाकल्यानंतर.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अमरावतीला नळ आला. रागिणीने मोटर लावली. गोवर्धनभाऊ सवयीने जिन्याकडे गेले, दोन पायऱ्या चढले आणि परत आले. वाघ आईच्या खोलीत, फळीवरच्या त्याच स्वच्छ जागेवर बसला होता. ते त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले. या खेपेला चष्मा लावून.

"एवढं मोठं भोक काहून ठेवलं व तिनं?"

"मी सांगतलं होतं तिले," रागिणी म्हणाली. "म्हने, मोजून केलं."

गोवर्धनभाऊ बराच वेळ चिलमीकडे पाहत राहिले. मग त्यांनी बंडीच्या आतल्या खिशात हात घातला. बाहेर आली ती बिडी. मुलीकडे न पाहता त्यांनी ती चिलमीच्या भोकात घातली. बसली. हलली नाही, सैल झाली नाही, दाबावीही लागली नाही. एवढं मापात त्यांनी स्वतःसुद्धा कधी काही बसवलं नव्हतं.

"कधीपासून ठाऊक होतं तिले?"

"मले काय माहीत," रागिणी म्हणाली. "ती दर आठवड्याले तुमच्या बंड्या धूत होती."

त्यांनी काडी ओढली. बिडी पेटली, आणि जाड भुवयांच्या, मुडपल्या कानाच्या त्या वाघासमोर धूर सावकाश वर जाऊ लागला. गोवर्धनभाऊ हात मांडीवर ठेवून बसले होते.

"ओढ बाप्पा," ते वाघाला म्हणाले. "तूच ओढ आता."

रागिणी खाली फरशीवर बसली. दोघं वाघाकडे पाहत राहिले. बिडी निम्म्यावर आली तेव्हा जिन्यावरून पाण्याचा आवाज येऊ लागला, आणि शेजारच्या गच्चीवरून धर्मेंद्र ओरडला, "काका, तुमची टाकी वाहून राह्यली ना! आज पाह्यली नाई का?"

गोवर्धनभाऊंनी रागिणीकडे पाहिलं. रागिणीने त्यांच्याकडे. एवढ्या वर्षांत टाकी पहिल्यांदाच वाहत होती. कुणीच उठलं नाही.